धोंडाबाईंची भाकरी आणि संदेशचं खातं

आषाढात आमच्या तुंगार्लीच्या घरी सकाळी दोनच प्रश्न असतात: वीज आहे का, आणि कालचे कपडे वाळले का. त्या दिवशी दोन्हींचं उत्तर नाही असं होतं. एका शेगडीवर पोहे परतत, दुसरीच्या उबेला मी माझ्या मुलाचा, शौनकचा, शाळेचा शर्ट धरून उभी होते. बेल वाजणं शक्यच नव्हतं. दारावर थाप पडली आणि मागोमाग हाक आली, "ताई, हाय का घरात?"

आवाज धोंडाबाईंचा. भाजे गावात त्यांची भाताची खाचरं आहेत आणि आमच्या घरचा वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्यांच्याकडूनच येतो. पण तो येतो दिवाळीनंतर. आता त्यांच्या हातात भिजलेल्या छत्रीशिवाय काही नव्हतं, आणि मळवलीहून सकाळची गाडी पकडून त्या आल्या होत्या. म्हणजे काम तांदळाचं नव्हतं.

"मावशी, आत तरी या. चहा टाकते."

"चहा पिते, पर आदी एक सांगा. तुमी ते टॅक्सचं बघता न्हवं? माझ्या भाकरीनं पोराचा पगार खाल्ला, हे खरं का?"

मी बी.कॉम. झाले ते लग्नाआधी. नोकरी केली नाही, पण घरातल्या सगळ्यांची आयकर विवरणपत्रं मीच भरते, हे त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून कित्येकदा पाहिलंय. शर्ट बाजूला ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले.

भाज्याला शनिवार-रविवारी लोहगड-विसापूरहून उतरणाऱ्या माणसांची रीघ असते. काही वर्षांपूर्वी त्यातल्या कुणीतरी धोंडाबाईंच्या अंगणात पाणी मागितलं. त्यांनी पाण्याबरोबर गूळ दिला. पुढच्या वेळी त्याच माणसानं भाकरी मागितली. "मागितली म्हून दिली, आणि दिली म्हून पैसं घेतलं," असा त्यांच्या धंद्याचा सगळा इतिहास. यजमान गेल्यावर पोरावर बसून खायचं नाही, हे मात्र त्यांनी आधीच ठरवलं होतं. आता पत्र्याची शेड आहे, दोन चुली आणि एक गॅसची शेगडी आहे. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. कुणी "मावशी, जरा कमी तिखट" म्हटलं, तर "मग घरीच खायाचं की लेका" असं हसत सुनावतात आणि वर तुपाची धार सोडतात.

गडावरून येणाऱ्या पोरांच्या खिशात सुट्टे पैसे नसतात. म्हणून संदेशनं, त्यांच्या मुलानं, शेडच्या खांबाला क्यूआरचा कागद चिकटवून दिला. खातं त्याचं. पैसे पडले की तळेगावच्या कंपनीत त्याचा फोन वाजायचा. इकडे गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा समोर धरायचं आणि चष्मा घरात विसरलेल्या धोंडाबाई "व्हय व्हय, गेलं" म्हणायच्या. सोमवारी संदेश त्यांना रोख आणून द्यायचा. त्यातून पीठ, गॅस, भाजी. कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. आई आणि मुलगा यांच्यात खातं वेगळं असतं का?

तर असतं. संदेश कंपनीत कायम कामगार, जादा पाळ्या करणारा. त्याचा पगार, वजावट धरून, बारा लाखांच्या करमुक्त रेषेच्या जरासा अलीकडे थांबतो. या वर्षी विवरणपत्र भरून देणाऱ्याला त्यानं बँकेचा उतारा दिला. भरणाऱ्यानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही, आणि अंगणातली सगळी जमा त्याच्याच उत्पन्नात मिळवली गेली. रेषेच्या पुढे थोडंच गेलं, तर पुढे गेलेला जवळजवळ सगळा पैसा करात जातो. संदेशनं आकडा पाहिला आणि घरी येऊन म्हणाला, "आई, गणपतीपासून हे बंद. तू राबणार आणि भरणार सरकारला."

"बंद कर म्हनला, ताई. मला. माझी चूल."

"मावशी, भाकरी कोण थापतं?"

"मी!"

"पीठ-मीठ कुणाच्या पैशाचं?"

"भाकरीच्याच पैशाचं की."

"मग उत्पन्न तुमचं. खातं म्हणजे नुसती वाट."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे पाट दुसऱ्याच्या बांधावरनं आला, म्हून भात काय त्याचा होत न्हाई."

मी कायदा समजावायला जे चार परिच्छेद मनात जुळवत होते, त्यांची गरज उरली नाही. "तेच," म्हटलं. "पण हे संदेशला पटायला हवं, आणि कागदावर खरं दिसायला हवं. रविवारी येते."

रविवारी शेडमध्ये बसायला जागा नव्हती. ओल्या मोज्यांचा आणि ठेच्याचा वास एकत्र. संदेश ताटं उचलत होता. त्याचे चुलते हौशीराम आबा खांबाला टेकून बसले होते आणि त्यांच्याकडे तोडगा तयार होता.

"कशाला येवडा घोळ? शेतीचं उत्पन्न दावा. शेतीला टॅक्स न्हाई. तांदूळ आपला, भाकरी त्याचीच. हाय का न्हाई शेती?"

खरं सांगते, आमच्या मावळात हा युक्तिवाद घरोघरी चालतो. सात-बारा असला की त्याखाली काहीही झाकता येतं असं वाटतं.

"आबा, तांदूळ पोत्यात असेपर्यंत शेती," मी म्हटलं. "तव्यावर गेला की धंदा."

"आणि तव्याखाली लाकूड बी आपल्याच बांधावरचं हाय म्हना की भावजी," धोंडाबाई चुलीपासून ओरडल्या. "उद्या धूर बी शेतीत धरा!"

शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. आबाही हसले आणि त्यांनी मिशी पुसली.

संदेश मात्र हसला नाही. "काकू, आईच्या नावावर दाखवायचं म्हणजे मी कर चुकवतोय असं नाही का होणार? आणि तिच्यामागे नोटीस लागली तर?"

प्रश्न चांगला होता, आणि तो विचारणारा मुलगा मला आवडला. मी म्हटलं, "तू स्वतःची कमाई आईच्या नावावर ढकललीस, तर ती लबाडी. इथं उलटं झालंय, आईची कमाई तुझ्या नावावर चढलीय. आणि छोट्या धंद्याला सोय आहे. जमेचा ठरलेला हिस्सा नफा म्हणून धरायचा, निदान तेवढा तरी. वर्षभरात इथं जमलेलं सगळंच्या सगळं नफा धरलं, तरी आईला कर बसत नाही. तरी विवरणपत्र भरायचं. तुझ्या खात्यात तिचे पैसे का आले, कुणी विचारलं तर हेच सांगायचं. पिठाची, गॅसची बिलं ठेव. तुझं विवरणपत्र अजून गेलेलं नाही ना?"

"नाही. मुदत आहे."

"मग दुरुस्त करून घे. आणि आजपासून ही वाट बंद. आईचं खातं, आईचा क्यूआर."

"आईकडे पॅन कार्ड कुठाय?"

"हाय," चुलीपासून आवाज आला. "जमिनीच्या येळंला काढलेलं. डब्यात हाय. तू कवा इचारलंस?"

संदेशनं हातातली ताटं खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे बंद करायची गरज नाही."

"मी कुटं बंद करनार होते?" धोंडाबाईंनी भाकरी उलटली. "तू म्हनालास. मी ऐकून घेतलं."

पुढच्या आठवड्यात आम्ही मळवलीजवळच्या बँकेत गेलो. खातं उघडलं. विवरणपत्र भरणाऱ्याला संदेशनं सगळं नीट सांगितलं, त्यानं मान डोलावली आणि दोघांची विवरणपत्रं वेगवेगळी गेली. संदेशचा कर शून्यावर आला, आईचा शून्यच होता. बँकेतल्या मुलीनं क्यूआरबरोबर पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो छोटा डबाही देऊ केला. धोंडाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, कानाशी नेला.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "आता झालं ना सगळं, मावशी? अजून काही हवंय?"

त्यांनी डबा पदरात नीट गुंडाळला.

"एकच करा, ताई. ह्याचं बोलनं मराठीत लावून द्या, आणि आवाज येवडा मोटा ठेवा का मला चुलीपाशी ऐकू यील."