एक रिंग पुरे

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलगा मला तीन महिने पुण्याला नेणार, म्हणून मी नागपुरात आमच्या चौकातल्या रिचार्जच्या दुकानात गेले. दुकानवालीने तीन प्लॅन सांगितले. तिन्हींचे भाव ऐकून गुडघा आणखी दुखला.

"लहानवाला घ्या नं, आजी. सगळंच महाग होऊन राहिलं. तुमचं बोलनं असते किती? नुसता नंबर चालू राहीन."

"काहून वं, म्हातारीले बोलाले कोनी नसते काय?"

ती हसली. मला काटोलची धाकटी बहीण आठवली. आजवर महिन्यातून एकदा अर्ध्या तिकिटात बसने जायची मी तिच्याकडे. आता ते बंद. उरला फोन.

आणि फोनचीच तर गंमत आहे. पहिला मोबाइल हातात आला तेव्हा मी पन्नाशीची बया, स्वतःला गल्लीतली सगळ्यात हुशार समजायची. बहिणीला नियम घालून दिला. घरी पोचलीस की एक रिंग दे, मी कापते. ना तुझा पैसा, ना माझा. ही अक्कल मी शेजारपाजारी फुकट वाटली.

एका दुपारी तिचे लागोपाठ तीन फोन आले. तिन्ही कापले. वर शेजारणीला ऐटीत म्हटलं, "पाय, माही बहीण. पोचल्याचं तीनदा सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर दारात आला, तेव्हा कळलं. तिच्या नवऱ्याला नागपूरच्या दवाखान्यात हलवायचं होतं आणि ती आमची गाडी मागत होती. गाडी अंगणातच उभी होती. रात्रीतून तो गेला.

तिने मला कधी बोल लावला नाही. भेटले की जेवू घालते, वेणीसुद्धा घालून देते. पण फोनवर त्यानंतर एक शब्द नाही. रोज सकाळी एक रिंग. माझा नियम तिने माझ्यापेक्षा चांगला पाळला.

मी सगळ्यात महागाचा, वाटेल तितकं बोलण्याचा प्लॅन घेतला. दुकानाच्या पायरीवरच तिला फोन लावला. एक रिंग गेली, तिने कापला. पुन्हा लावला. कापला. तिसऱ्यांदाही तेच. मग तिचीच एक रिंग आली आणि थांबली.

"लागला नाई काय, आजी?"

"लागला," मी म्हटलं. "तिले वाटलं, मी पोचली."