झाकणाखालची पिशवी

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची रबरी रिंग तडकली होती आणि गाडीत वास यायचा. बायको आठवडाभर म्हणत होती, गॅरेजला दाखवा. मी काय केलं, तर गोडेतेलाच्या डब्याला लावतो तसा किराणाच्या प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा झाकणाखाली घातला, झाकण आवळलं आणि तिला ऐटीत सांगितलं, "गॅरेजातून दुरुस्त करून आणली."

दोन दिवसांनी आष्टीला तिच्या भाचीचा साखरपुडा होता. मुहूर्त बाराचा, ओटी आत्यानं भरायची आणि ती आत्या म्हणजे आमची ही. बीड सुटायच्या आतच समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी घाबरून गाडी दिसेल त्या गॅरेजात घातली.

मिस्त्रीनं मशीन जोडून पाहिलं. "काका, टाकीतली वाफ कुठूनतरी निसटायलीय. वासबी हाय, तशी नेऊ नका. झाकणाला, पाइपाला हात लावलता का?"

बायको शेजारीच उभी.

"न्हाई बा, परवा गॅरेजवाल्यानं काय केलं आसंल तेवढंच," मी म्हणालो आणि तिथंच अडकलो.

मिस्त्रीनं झाकण वरूनच दाबून पाहिलं, घट्ट होतं. मग त्यानं बॉनेट उघडलं, एकेक पाइप चाचपला, गाडी जॅकवर घेऊन वाफ शोषणारा कोळशाचा डबा तपासला. साडेअकरा वाजले. मी हळूच झाकणाकडं सरकलो, तर ही नेमकी त्याच बाजूला गाडीला टेकून, ओटीची पिशवी सांभाळत भावाला फोनवर सांगत होती, "निघालोच रे, निघालोच."

शेवटी मिस्त्री म्हणाला, "आता मशीननं टाकीत धूर सोडतो. जिथं फट, तिथून निघंल."

एखादा पाइप तरी फाटलेला असू दे, असं मी मनापासून मागितलं. धूर निघाला तो हिच्या पाठीमागून.

"अगं बाई! पदर पेटला का काय!"

मिस्त्रीनं झाकण उघडलं आणि तुकडा दोन बोटांत धरून वर केला. "काका, हे कंपनीतूनच आलतं व्हय?"

नवं झाकण बसवून आष्टी गाठायला दोन वाजले. ओटी हिच्या चुलत बहिणीनं भरून टाकली होती. ही हसतमुखानं जेवली, सगळ्यांशी बोलली. परतीला गाडी वळेपर्यंत सगळ्यांना हात केला. मग म्हणाली, "भाचीला मी पंक्चर झालं म्हणून सांगितलंय. आता तुमी तोंड उघडू नका. उघडायचं तवा उघडलं न्हाई."