चुंबक, लॅम्प आणि बाबा

नखं करून घ्यायला बसलेल्या बाईचे दोन्ही हात आमच्या ताब्यात असतात. मोबाइल घेता येत नाही, चहा उचलता येत नाही. मग मोकळं उरतं ते तोंड! लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या दुकानात किस्से साचतात ते असे. गिऱ्हाइकांचं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही हा आमचा नियम, त्यामुळे इथे सांगतेय ते फक्त आम्हा तिघांचे. म्हणजे माझे, रुखसानाचे आणि बाबांचे.

रुखसाना जुन्या लखनौतल्या चौक भागातली, घरी तीन पिढ्यांची चिकनकारी, म्हणजे मलमलीवरचं भरतकाम. दुकान उघडलं तेव्हापासून ती माझ्याबरोबर आहे. बाबा विद्यापीठात फिजिक्स शिकवायचे. साताऱ्याहून लखनौला आले ते इथलेच झाले. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि नेल आर्टचं दुकान काढलं. तेव्हापासून मराठी मंडळात कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "तिचं कॉस्मेटिक्समध्ये काहीतरी चालू असतं." ते 'काहीतरी' मला फार लागायचं. मुलगी काय करते ते एकदा तरी त्यांनी चार लोकांत सरळ सांगावं, एवढंच मला हवं होतं.

*

२०१५ च्या सुमारास दिल्लीहून नखांच्या चुंबकी जेल रंगाची पहिली बाटली आली. या रंगात लोखंडाची अगदी बारीक पूड असते. ओल्या रंगावर चुंबक धरलं की पूड सरकते आणि नखात एक चमकती रेघ उमटते. बोट हललं की रेघही हलते. मग लॅम्पखाली रंग पक्का करायचा.

आम्ही एका गिऱ्हाईक बाईंच्या अंगठ्यापासून पाचही नखांवर चुंबक धरलं आणि मग हात लॅम्पखाली घातला. करंगळीची रेघ झकास, अंगठ्याची गायब! चार वेळा काढून पुन्हा लावलं, चार वेळा तेच. शेवटी रुखसानाच्या लक्षात आलं की थांबलं की पूड परत पसरते. एक नख रंगवा, चुंबक धरा, लगेच लॅम्प. मगच दुसरं नख.

मी म्हटलं, एवढा वेळ कोण बसणार?

"दीदी, हमारे यहाँ एक कुर्ते में छह महीने लगते हैं," ती म्हणाली. "ये तो दस उँगलियाँ हैं."

गिऱ्हाईक बाई बसल्या. पुढच्या आठवड्यात नणंदेलाही घेऊन आल्या.

*

रेल्वेतल्या एका इंजिनिअरच्या बायको यायच्या, नागपूरच्या. त्यांना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं आणि नेमका त्या दिवशी माझा हात घसरला. चुंबक फारच जवळ गेलं, पूड नखाच्या मधोमध गोळा झाली आणि एक फुगीर दाणा उठला. मी घाईघाईने कापूस उचलला, तर रुखसानाने माझं मनगटच धरलं.

"रुकिए दीदी, ये तो मुर्री है."

मुर्री म्हणजे चिकनच्या कामातला तांदळाएवढा फुगीर टाका. तिने मुद्दाम चुंबक जवळ नेत दहाही नखांवर तसे दाणे उठवले आणि प्रत्येकाला पांढऱ्या रंगाचा बारीक देठ काढला. त्या लग्नात म्हणे नवरीपेक्षा बाईंचे हातच जास्त बघितले गेले. महिनाभरात निम्म्या बायका 'वो मुर्री वाला' मागायला लागल्या. माझी चूक करून घ्यायला लोक अपॉइंटमेंट घेत होते, आणि मी ती रुखसानाकडून शिकत होते!

*

एकदा आमचं चुंबक हरवलं. मी बाबांच्या टेबलाच्या खणातलं जुनं पट्टी-चुंबक न विचारता उचललं. दुपारी बाबा स्कूटरवरून हजर. दुकानाचा जिना ते पहिल्यांदाच चढले, तेही चुंबक परत न्यायला. पण ते रुखसानाच्या हातात होतं आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं नख अर्धवट. म्हणून स्टुलावर बसले.

दहा मिनिटं रुखसानाचं काम बघत होते. मग राहवेना. "एकाच बाजूने का धरताय? चारी बाजूंनी फिरवून बघा." रुखसानाने फिरवलं, तर अख्खं नख मखमलीसारखं उजळलं. बाबांनी चष्मा चढवला आणि त्या अनोळखी बाईंच्या हाताला नाक टेकायचं तेवढं बाकी ठेवलं. भानावर आले तेव्हा इंग्रजीत माफी मागितली आणि चुंबक न घेताच जिना उतरले.

त्या रविवारी मंडळात पुन्हा 'काहीतरी'च. मला घरी येऊन रडू आलं.

*

त्या वर्षी गणपतीत मंडळाने बाबांना मुलांसमोर विज्ञानावर बोलायला सांगितलं. आदल्या दिवशी ते दुकानात आले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि डावी करंगळी पुढे केली. "एवढीच," म्हणाले. मी हिरवा रंग लावला, चुंबक धरलं. रेघ पसरायच्या आत रुखसानाने लॅम्प पुढे सरकवला.

हॉल भरला होता. रुखसानाला मी शेजारी बसवलं होतं. बाबांनी त्या एका करंगळीवर अर्धा तास चुंबकीय क्षेत्र समजावलं. मुलांनी नख बघायला रांग लावली. ती संपल्यावर पुढे बसलेल्या जोशीकाकूंनी विचारलं, "सर, इतकी वर्षं विचारतेय. तुमची मुलगी नक्की करते काय?"

बाबांनी करंगळी दिव्याखाली धरली आणि हळूच फिरवली. रेघ नखाच्या या काठावरून त्या काठाला गेली.

"हे करते," बाबा म्हणाले.

रुखसानाला मराठी कळत नाही. ती माझ्या कानाशी वाकली.

"दीदी, लाइन ज़रा भी नहीं फैली."