अकेलोच्या वेण्या

अकेलोचं डोकं मीच भादरलं. दुसऱ्या कुणाला बोल लावू नका, वस्तरा माझ्याच हातात होता.

अकेलो माझ्या भावाची, ओगोलाची, थोरली लेक. आमच्या डुंगा गावच्या सरोवराच्या किनाऱ्यावर मासे सडून जायचे, म्हणून नैरोबीच्या एका नव्या कंपनीने उन्हावर चालणारं बर्फाचं यंत्र आणून बसवलं. ते दुरुस्त करायला इथल्याच पोरी मोबाइलवर शिकवून तयार करणार, परीक्षा पास झाली की नोकरी. अकेलो दीड वर्ष शिकली. अंगणात जुन्या पंख्याच्या मोटरी उघडून बसायची. ओगोला म्हणायचा, "ही पोर एक दिवस मलाही खोलून बघेल!" परीक्षेच्या तोंडावरच तो गेला.

पुरल्यावर चौथ्या दिवशी घरच्यांनी डोकी भादरायची, ही आमची रीत. न भादरलेल्याला कुणी दारात उभं करत नाही.

"आत्या, सोमवारी परीक्षा आहे गं," अकेलो म्हणाली. "तेवढी होऊ दे."

"परीक्षा तुझे केस देणार आहेत काय?" मी खेकसले. "बाप गेलाय आणि हिला वेण्यांची पडलीय! बस खाली."

बिचारी बसली. वेण्या मी परसात पुरल्या.

सोमवारी तिने मोबाइल तोंडासमोर धरला. तोतया बसू नये म्हणून आधी चेहरा दाखवावा लागतो. रडून डोळे सुजलेले, डोकं गुळगुळीत. मोबाइल म्हणाला, ही अकेलो नव्हे. पुन्हा दाखवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही नाही म्हटल्यावर मी तो हिसकावला. "अरे मेल्या, हिची नाळ मी कापलीय! मी सांगते ना, हीच ती!" त्याला काय ऐकू येणार, कपाळ! तीन वेळा चुकलं की दार बंद. कंपनीच्या किसुमू शहरातल्या कचेरीला कुलूप होतं. नैरोबीला फोन लावला की एक बाई गोड आवाजात "थांबा" म्हणायची, दिवसभर तेवढंच.

अकेलो मला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांत केस वाढले. तिने सहज चेहरा दाखवला तर मोबाइल म्हणाला, "स्वागत, अकेलो." खाली लिहिलं होतं, मुदत संपली, डुंगाची जागा रद्द.

बर्फाचं यंत्र आता बंद पडलंय. काय बिघडलंय ते अकेलोने बाहेरून आवाजावरून ओळखलं होतं, पण त्याचं झाकण कंपनीच्या माणसाचा चेहरा दिसल्याशिवाय उघडत नाही. ती त्या यंत्राच्याच सावलीत बसून जाळीवर बारीक मासळी वाळवते. मीही शेजारी बसते.

परवा न राहवून मी म्हटलं, "मी मेले की तू डोकं भादरू नकोस हं. सगळ्यांना सांगून ठेवते."

तिने मासळी उलटीपालटी केली. "भादरेन की, आत्या. आता कुणाला चेहरा दाखवायचाय?"