आतल्या खोलीपर्यंतची वायर

म्हसवडच्या लीलाबाईंना मी कधी रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नाही. एका हातात फ्लॉपी, दुसऱ्यात औषधाची वाटी. त्यांचे मालक आकाराम फौजेतून सुटून आलेले. बाहेरच्या खोलीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान, तिथंच एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर. दुसरा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या खाटेशेजारी. तिथं बसून लीलाबाई लग्नपत्रिका नि प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि छापायला दर वेळी फ्लॉपी घेऊन बाहेर पळायच्या. अशाच एका खेपेत म्हातारी रंगुबाई खाटेवरून पडली. तेव्हापासून आकारामांनी धोशा लावला, टायपिंग बंद कर.

"वायर टाकली की आतनंच छापता येतं म्हनं," लीलाबाई मला म्हणाल्या. "तेवढं करा राजरत्नभाऊ. न्हाईतर माजं काम सुटलं."

अठ्ठ्याण्णव साल. मी कराडला कॉम्प्युटर बसवायचो आणि त्या धंद्याला पार विटलो होतो. एसटीनं म्हसवड गाठेपर्यंत अंगाचा भुगा व्हायचा आणि पोचलो की हमखास लाईट गेलेली.

आतल्या खोलीत मला कुणी मनाई केली नव्हती, पण या असंही कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही बौद्ध. असल्या घरांत उंबऱ्याचा अंदाज आपला आपणच घ्यायचा हे मी लहानपणीच शिकलोय. म्हणून आकाराम आतलं यंत्र उचलून बाहेर आणायचे. वायर जोडायचं कार्ड, सेटिंग सगळं मी बाहेरच्या टेबलावर करायचो. मग ते यंत्र परत आत नेऊन खिडकीतून ओढलेली वायर जोडायचे आणि लीलाबाई ते चालू करायच्या.

दोन कॉम्प्युटरना आपसात बोलायला एक ठरलेली रीत लागते, तिला प्रोटोकॉल म्हणतात. माझ्यापुढं तीन होते. नेटब्युई सगळ्यात घरगुती, नावानं हाक मारली की भागतं. आयपीएक्स मोठ्या ऑफिसांचं. टीसीपी-आयपीत प्रत्येक यंत्राला नंबर द्यावा लागतो. दोन यंत्रांच्या घराला नेटब्युई पुरे, म्हणून तेच टाकलं. चाललं नाही. पुढच्या खेपेला आयपीएक्स टाकलं, तेही नाही. मग नंबर देऊन टीसीपी-आयपी. वैतागून शेवटी तिन्ही एकदम टाकले, तर यंत्रं म्हशीसारखी बसकण मारून बसली. दर बदलाला आकाराम यंत्र उचलून आत-बाहेर करत होते. फौजेत एवढं वझं उचललं नव्हतं, म्हणाले.

"आज झालं तर झालं," कपाळ पुसत त्यांनी सांगून टाकलं. "न्हाईतर आतलं मशीन इकायचं. आईजवळ माणूस पायजे."

लीलाबाई दारात उभ्या होत्या. मला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात आतून रंगुबाईचा आवाज आला. "आरं, त्या लेकराला आत बोलवा की. किती येळ उंबऱ्याभायेर ठेवताय?"

कुणीच हललं नाही. मग लीलाबाईंनी दारातून बाजूला होऊन मला वाट दिली.

मी आत गेलो. लीलाबाईंनी यंत्र बंद करून परत चालू केलं आणि पडद्यावर एक चौकट उमटली. मी वाचायच्या आत त्यांनी सवयीनं एंटर दाबून ती घालवली.

"हे रोजच येतंय?"

"व्हय. इंग्रजी कायबाय येतं, मी दाबून टाकते. आत्याबाईंचं बगायचं असतंय."

परत चालू करायला लावलं आणि वाचलं. हे नाव दुसऱ्या यंत्रानं आधीच घेतलंय, असं त्यात होतं. दोन्ही यंत्रांचं नाव सिद्धनाथ, म्हसवडच्या देवाचं. नवीन यंत्र नाव विचारतं, तेव्हा बाहेर आकारामांनी ते घातलं आणि आत लीलाबाईंनी. झेरॉक्सच्या पाटीवर सिद्धनाथ, मोटारसायकलवर सिद्धनाथ, मग यंत्रावर दुसरं काय येणार? प्रोटोकॉल कुठलाही टाका, एका नावाची दोन यंत्रं तो चालू देत नाही. बाहेरच्या टेबलावर आतल्या यंत्राला वायर नसायची, म्हणून ही चौकट मला कधी दिसलीच नव्हती.

एकाचं नाव बदलावं लागेल एवढं मी सांगितलं. कुणाचं, ते बोललो नाही. त्या घरात देवाचं नाव पुसा म्हणणारा मी नको होतो. आकाराम खाली बघत राहिले. लीलाबाईंनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"माजं घाला हितल्याला," रंगुबाई डोळे न उघडता म्हणाली. "देव ऱ्हाऊ दे भायेर. म्या तर आतच हाय."

मी रंगुबाई टाइप केलं, दोन प्रोटोकॉल काढून एकटं नेटब्युई ठेवलं. थोड्या वेळानं बाहेर प्रिंटर खरखरला. लीलाबाई सवयीनं उठल्या आणि परत खाली बसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. प्रिंटर बिघडला म्हणून मी गेलो आणि बाहेरच टेकलो. आकारामांच्या पडद्यावर यंत्रांची यादी उघडी होती, सिद्धनाथच्या वर रंगुबाई. आता लीलाबाईंना आत अडकून बसायची गरज नव्हती. वायर काढू का, मी विचारलं.

"नगं," लीलाबाई म्हणाल्या. "सकाळी मी आतलं मशीन लावलं की ह्यांना भायेर नाव दिसतंय. मगच च्या घेत्यात."

मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आन् तुमी भायेर का बसलाय? आत या. बोलवायला आत्याबाई न्हाईत आता."