न पाहिलेल्या शहराच्या दीडशे पिशव्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. ही वही ज्याच्या हाती लागेल त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. सुई हातात असली की बोटं सरळ चालतात, पेन धरलं की तीच बोटं अडखळतात. कुणाचं नाव लिहिणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारायची मला लाज वाटते.

पेणकरपाड्यात आमची भाड्याची खोली आहे. घरमालकीण काकी इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता त्या जागी इमारती आहेत आणि काकींकडे आमच्यासारख्यांना भाड्याने दिलेल्या सहा खोल्या आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी पैसे बाजूला काढले होते, आणि त्यातलेच चौदा हजार मी मागून आणले.

कारण असं झालं. नवघरला एका गाळ्यात शेठचं पिशव्यांचं काम चालतं, तिथून मी भरतकाम घरी आणते. गणपती झाल्यावर शेठने बोलावून एक कागद पुढे केला. त्यावर एक जुनी दगडी इमारत काढलेली होती. उंच मनोरा, त्यात घड्याळ, खाली कमानी.

"युनिवर्सिटी है, बेन," शेठ म्हणाले. "बहोत पुराना शहर है. उन लोगों को बड़ी बड़ी कॉन्फरन्स अपने शहर में बुलानी है. गोरेगाव में एक्झिबिशन है, वहाँ सबको ये थैली देंगे. डेढ़ सौ पीस. कपड़ा-धागा तुम्हारा."

कॉन्फरन्स म्हणजे काय ते मला नीट ठाऊक नव्हतं. शेठनेच सांगितलं. कुठे डॉक्टर जमतात, कुठे मास्तर जमतात, तीन दिवस भाषणं करतात, राहतात, जेवतात, फिरतात, आणि त्या गावाच्या हॉटेलवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना काम मिळतं. म्हणून आता शहरंसुद्धा दुकान मांडून बसतात, आमच्याकडे या म्हणून. मला ते आवडलं. लग्नाचं आमंत्रण घेऊन दारोदार फिरावं तसं एक अख्खं शहर फिरतंय असं डोळ्यांपुढे आलं.

कापड आणि दोरा आपला म्हणजे आधी पैसे घालायचे. काकींकडे गेले आणि उंबऱ्यातच उभी राहिले. एक हात भिंतीला होता.

"काय गो बाय, भिताड धरून कां उभी? भिताड न्हाय पडत," काकी म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी कपाटातून पैसे काढून दिले. "दिवालीनंतर मना डोला करायचा हाय. तवर दे म्हंजे झाला," एवढंच म्हणाल्या.

कामाची रीत अशी असते. चित्राच्या कागदाला रेषेवरून सुईने बारीक भोकं पाडायची. कागद कापडावर ठेवायचा, खडूची पूड रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवायची, की खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं. त्या चित्रात रंग नसतात. कुठे दगड, कुठे झाड, कुठे आकाश, ते भरणारीने समजून घ्यायचं. शेठकडे फोटो नव्हता. मनोरा दगडी, कमानी दगडी, तेवढं मला कळलं. पण कमानींच्या खाली, अगदी तळाला, आडव्या रेषा होत्या, एकाखाली एक, मधे झोल पडलेल्या. त्या कशाच्या ते कळेना.

शेजारची उत्तनवाली माझ्या मदतीला होती. तिचं माहेर उत्तनच्या मच्छीवाल्यांचं. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात काकी आल्या. कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"पानी हाय," त्या म्हणाल्या. "लाटा न्हाय दिसत?"

"इमारतीच्या पायाशी पाणी?" मी म्हटलं.

"पान्याबिगर कंचा गाव व्हतो?"

उत्तनवालीने मान डोलावली. "बरोबर बोलते काकी. पाणी नसेल तर माणसं येणार कशी?"

आम्ही तिघी खाडीकाठच्या. गाव म्हटलं की एका बाजूला पाणी, हे आम्ही कधी वेगळं धरलंच नव्हतं. आणि माझं मन तर आधीच तिथे जाऊन बसलं होतं. रायगडातलं माझं गाव खाडीच्या अलीकडे आणि पाचवीची शाळा पलीकडे. होडीचं भाडं रोजचं कोण देणार, म्हणून मी चौथीतून घरी बसले. पाण्याच्या काठाशीच शाळा, होडी थेट दाराला लागणारी, असं शहर असू शकतं हे मी लगेच मान्य केलं. तीन निळे घेतले. फिका, गडद आणि मधला.

ते दिवस अजून आठवले की अंगावर मऊ काही पांघरल्यासारखं वाटतं. दुपारी जेवणं आटोपली, बाहेर इमारतीच्या कामाची घरघर चालू असली, तरी कापड मांडीवर घेतलं की मी त्या शहरात असे. मनोऱ्यापासून सुरुवात करायची म्हणजे मी वरून खाली उतरायची. घड्याळाला काटे काढलेले नव्हते, ते माझ्यावर सोडलेले. मी पावणेअकरा केले, शाळेची पहिली घंटा होते ती वेळ. मग कमानीतून आत जायची. आत कुणी ओरडत नसे. लांब ओसरी, तिच्यावर उन्हाचे तुकडे. एका वर्गाचं दार उघडं, फळ्यावर अर्धवट पुसलेलं काहीतरी. मी शेवटच्या बाकावर बसायची, आणि कुणी मला उठ म्हणत नसे. टाका संपून दोरा तोडला की मी परत खोलीत असायची, कुकरच्या शेजारी. मग दुसरी पिशवी. त्या शहरात मी दीडशे वेळा गेले असेन, आणि दर वेळी होडीने गेले.

उत्तनवालीने तर पन्नासेक पिशव्यांवर लहानशी होडीच घातली, शीड सोडलेली. "एवढं पाणी रिकामं कशाला ठेवायचं?" म्हणाली.

माल घेऊन गाळ्यात गेलो त्या दिवशी त्या शहराकडून एक मॅडम आल्या होत्या. माझ्याच वयाच्या. विद्यापीठ आणि तिथले हॉटेलवाले मिळून हे आमंत्रणाचं काम करतात, ते त्या बघत होत्या. त्यांनी पहिली पिशवी उलगडली. दुसरी उलगडली. मग होडीवाली हाती आली.

"हे काय आहे, ताई?"

मी खाली बघून म्हटलं, "पाणी."

"अहो, आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळ येतो! आणि तुम्ही दारात समुद्र आणून ठेवलात?"

शेठ कपाळाला हात लावून बसले. "बेन, मेरे को डुबा दिया."

मॅडम रागावल्या होत्या, पण त्यांना हसूही आवरत नव्हतं. होडीवाली एक पिशवी त्यांनी आपल्या पर्समध्ये कोंबली, ही माझ्यासाठी म्हणाल्या. मग मला जवळ बसवून कागदावर बोट ठेवलं. "या पायऱ्या आहेत. दगडी. मुलं चढून-उतरून मधे झिजल्यात, म्हणून रेषांना झोल आलाय. आमच्या विद्यापीठाची ओळखच ही आहे. बाहेरून येणारा माणूस आधी इथे बसून फोटो काढतो."

पायांनी दगड झिजतो हे मला माहीत होतं, देवळाच्या पायऱ्या पाहिल्या होत्या. पण शिकायला जाणाऱ्यांनी झिजवलेला दगड मी कधी पाहिला नव्हता. मला एकदम रडू आलं. त्यांना वाटलं नुकसानीमुळे आलं. तेही होतंच.

प्रदर्शनाला बारा दिवस होते. निळा उसवून तपकिरी भरायचं ठरलं. शेठने सांगून टाकलं की पैसे अर्धेच मिळतील. घरी येऊन मी काकींना सगळं सांगितलं. त्या पदर तोंडावर घेऊन हसायला लागल्या.

"मीच सांगितला पानी हाय. माझं पैसं माझ्याच पान्यात बुडलं!"

"बुडणार नाहीत, काकी."

"एका डोल्यान पाहिलं त असाच व्हनार. अर्धं दे, बाकीचा ऱ्हाव दे."

"राहू दे नाही," मी म्हटलं. एवढं मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. डोळा अर्धा होत नाही. चूक त्यांनी सांगितली होती, पण सुई माझ्या हातात होती.

निळा दोरा उसवताना मला फार वाईट वाटलं. कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, ओढायचा. पाणी आटत जायचं आणि खाली भोकं राहायची. ती झाकायला आम्ही पायऱ्या दाट भरल्या, मधे जरा फिका रंग, जिथे पाय पडतात तिथे. आता मी त्या शहरात चालत जायची. मला ते जास्त आवडलं की कमी, ते अजून सांगता येत नाही. उत्तनवाली मात्र प्रत्येक होडी उसवताना "बुडाली बघ वैनी, अजून एक," म्हणत होती.

पिशव्या वेळेवर पोचल्या. अर्ध्या पैशांतून उत्तनवालीची मजुरी दिली, आणि सहा हजार काकींच्या हातावर ठेवले. आठ उरले.

मग मॅडमचा फोन आला. प्रदर्शनात तीन दिवस कुणीतरी बसून पिशवीवर पाहुण्यांच्या नावाचं पहिलं अक्षर भरून द्यावं असं त्यांना वाटत होतं, दिवसाचे आठशे. मी नाही म्हणणार होते. चारचौघांत बसायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम येतो. पण काकी त्याच वेळी अंगणात बसून मेथी निवडत होत्या, आणि मेथीबरोबर काड्याही टोपलीत टाकत होत्या. मी हो म्हटलं.

गोरेगावला त्या मोठ्या मंडपात थंडगार वारा सोडलेला होता आणि गावंच गावं मांडलेली होती. समुद्राची, बर्फाची, वाळवंटाची. आमच्या शहराच्या दुकानात मनोऱ्याचा मोठा फोटो होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. घड्याळात साडेतीन वाजले होते. मला जरा परकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवायला गेल्या आणि नेमक्या एक बाई येऊन समोर बसल्या. दातांच्या डॉक्टर. तीनशे डॉक्टरांची सभा कुठे घ्यायची ते त्या शोधत होत्या.

"गाव कसं आहे हो तुमचं?"

खोटं बोलता येईना आणि गप्पही राहवेना. "मी गेलेले नाही," मी म्हटलं. "फक्त भरलंय."

"मग भरताना कसं वाटलं?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. सुई चालूच होती, म्हणून बोलता आलं असावं. मी सांगितलं की तिथे शांत आहे. ओसरी लांब आहे. पायऱ्या मधे झिजल्यात, तिथे बसलं तर घसरणार नाही, पाठ दुखणार नाही, आणि तीनशे माणसं सहज मावतील. त्या हसल्या. "आमचे डॉक्टर पायऱ्यांवर बसले तर मीच त्यांचे फोटो काढीन," म्हणाल्या, आणि मॅडम येईपर्यंत थांबून राहिल्या. दोघी मग बराच वेळ हॉल, खोल्या, जेवण असं बोलत होत्या. ते मला कळलं नाही. मी त्यांचं अक्षर भरत होते.

तीन दिवसांचे चोवीसशे तसेच काकींना दिले, पाच हजार सहाशे राहिले. दिवाळी झाली. ऑपरेशनची तारीख काकींनी स्वतःच पुढे ढकलली, वर म्हणाल्या, "थंडीन डोला चांगला भरतो." हे त्यांनी माझ्यासाठी बनवलेलं होतं.

मार्गशीर्षात शेठने निरोप पाठवला. डॉक्टरांची सभा त्या शहरात ठरली होती आणि आणखी शंभर पिशव्या हव्या होत्या. या वेळी कापड शेठचं होतं. आम्ही पंधरा दिवसांत काम दिलं. पण पैसे येईनात. गेले की शेठ म्हणायचे, "बैठो बेन, चाय पियो. पार्टी का पेमेंट नहीं आया." मी चहा पिऊन परत यायची. असं चार वेळा झालं. संक्रांतीला काकींनी मला तिळगूळ देताना हात माझ्या हाताच्या बाजूने पुढे नेला, आणि लाडू खाली पडला. मी तो उचलून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी पाचव्यांदा गाळ्यात गेले. चहा आला. मी घेतला नाही.

"शेठ," मी म्हटलं, "ये मेरा पैसा नहीं है. मालकीण की आँख का पैसा है. मैं रुक सकती, आँख नहीं रुकती."

गाळ्यातली मशीनं चालू होती, तरी मला वाटलं सगळे ऐकतायत. शेठने हातातला कप खाली ठेवला. "पहले क्यों नहीं बोली?" म्हणाले.

मला कसं सांगता आलं असतं? बोलणं हेच मला सगळ्यात महाग पडतं.

त्यांनी गल्ला उघडला. आमचं काम जेवढ्याचं झालं होतं तेवढे पूर्ण पैसे दिले. उत्तनवालीचा वाटा तिच्या घरी देऊन मी थेट काकींकडे गेले. या वेळी उंबऱ्यात थांबले नाही, आत जाऊन त्यांच्याशेजारी बसले. पाच हजार सहाशे त्यांच्या ओंजळीत ठेवले आणि वरून त्यांची बोटं मिटली.

"किती हाय?"

"राहिले होते तेवढे सगळे, काकी. आता काही देणं राहिलं नाही."