जहाज तसलं नव्हतं

आमच्याकडे कुणी सिंगापूरच्या टूरला निघालं की जुने डीलर अजून एकमेकांकडे बघून हसतात. "त्या जहाजावर जाणार का? मग बायकोला घरीच ठेवा," असं कुणीतरी म्हणतंच. ते जहाज म्हणजे दारू, नाच आणि धिंगाणा, हे आमच्या भागात इतकं पक्कं झालंय की ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही तेही खात्रीने सांगतात. ही कीर्ती त्या जहाजाला कुणी मिळवून दिली, ते मला ठाऊक आहे. आम्ही दिली. आणि तिची झळ आमच्याच घरातल्या एका मुलीला बसली.

नव्वदच्या दशकात मी गंगापूर रोडला पाण्याच्या पंपांचं दुकान टाकलं. कंपनीचा कारखाना अंबडला होता. जिकडेतिकडे द्राक्षबागा वाढत होत्या, त्यामुळे पंप विकायला फार बोलावं लागत नसे. कंपनी दर वर्षी डीलरांसाठी स्कीम काढायची. आधी भिंतीवरची घड्याळं मिळाली, मग मिक्सर, मग गोव्याची टूर. दोन हजार साल उलटल्यावर एकदा जाहीर झालं की या वर्षी सिंगापूर, आणि तिथून तीन दिवस जहाज. बायकांना न्यायचं नव्हतं. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण डीलर टूरला बायको नेणाऱ्याची वर्षभर थट्टा होई, म्हणून कुणी नेत नसे. टूर म्हणजे घरापासून सुटका आणि सुटका म्हणजे बाटली, एवढा साधा हिशेब होता.

त्याच जहाजावर माझ्या थोरल्या चुलतभावाची मुलगी कामाला होती. दादाची शेती फुलांची. शेवंती, गुलाब, सणाला झेंडू. पहाटे तोडणी करून फुलं बाजारात न्यायची आणि दुपारी पुन्हा वाफ्यांत. मुलीने नाशिकलाच हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि जहाजाच्या स्वागतकक्षात नोकरी मिळवली. दादाने सुरुवातीला विरोध केला, पण पुढे तोच फूलबाजारात ज्याला त्याला सांगायचा, "माझी पोर जहाजावर हाय. ऑफिसात." मी निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानात आल्या आणि मेथीच्या लाडवांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भाऊजी, तिकडे तुम्हीच तिचं माहेर."

जहाजावर पाय ठेवला तेव्हा आमची घोर निराशा झाली, हे मला आज प्रामाणिकपणे सांगायचं आहे. कंपनीने दिलेल्या रंगीत पत्रकावर हातात ग्लास घेऊन हसणारी गोरी माणसं होती. प्रत्यक्षात जहाजावर बहुतेक म्हातारी जोडपी. चिनी आजीबाई दिवसभर पत्ते खेळत बसायच्या. एक मद्रासी कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन आलं होतं आणि बाळाची दुपटी खुर्चीच्या पाठीवर वाळत घालत होतं. संध्याकाळी जादूचे प्रयोग असायचे. पुतणीने पहिल्या दिवशी मला सगळं जहाज फिरवून दाखवलं. वाचनालय दाखवलं, तिथे वेताच्या खुर्च्यांवर दोन माणसं पुस्तक उघडं ठेवून झोपली होती.

डिस्को शोधत आम्ही गेलो तर आत कुणीच नव्हतं. दिवे फिरत होते, गाणं चालू होतं आणि तिथला नोकर काउंटर पुसत होता. आमच्यातला बागलाणकडचा एक डीलर दारातच थबकला.

"हाई जहाज शे का दवाखाना शे?" तो म्हणाला.

"दवाखान्यात निदान नर्सा तरी असतात," दुसरा म्हणाला.

"भाऊसाहेब, तुमच्या पुतणीला विचारा की. खरा माल कुठे दडवून ठेवलाय म्हणावं."

मी हसलो. तिथे मी सगळ्यांत जुना डीलर होतो आणि कंपनीतर्फे सोबत आलेले अंबडचे साहेब लोकसुद्धा मला विचारूनच कार्यक्रम ठरवत. अशा माणसाने पुतणीचं नाव निघाल्यावर काय करावं, हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. पण हसलो.

मग जे जहाजावर नव्हतं ते आम्ही तयार केलं. जहाजावर बाहेरची दारू चालत नसे, म्हणून सिंगापूरला पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून त्यांत व्होडका भरली होती. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे पोहण्याच्या तलावावर जमलो. कुणाकडेही पोहण्याचे कपडे नव्हते, म्हणून मंडळी बनियन आणि अंडरवेअरवर पाण्यात उतरली. दोघांनी स्टीलची ताटं आणली आणि चमच्यांनी त्यांवर ढोल धरला, मिरवणुकीत धरतात तसा. नाशिकचा माणूस कुठेही गेला तरी ढोल सोबत नेतो, याचं तेव्हा आम्हाला कौतुक वाटलं. चिनी आजीबाई पत्ते गोळा करून आत गेल्या. मद्रासी बाईने बाळ उचललं.

आमची तक्रार झाली आणि भारतीय गट म्हणून बोलणी करायला पुतणीला पाठवण्यात आलं. पांढऱ्या गणवेशात ती काठाशी येऊन उभी राहिली. आधी हिंदीत सगळ्यांना विनंती केली. कुणी ऐकेना, तेव्हा पाण्याबाहेर येऊन बसलेल्या माझ्याकडे वळली.

"काका, यांना जरा आत घेऊन चला ना. लोक तक्रार करतायत."

"अगं, पाचेक मिनिटं. मजा चाललीय."

"काका, मला वर उत्तर द्यावं लागतं."

"वर म्हणजे? वरती तर आकाश आहे," पाण्यातून कुणीतरी म्हणालं, आणि ताटं पुन्हा सुरू झाली. बागलाणवाला बाहेर आला आणि तिचा हात धरून म्हणाला, "चल, ताई, एक ठेका." तिने हात सोडवायचा प्रयत्न केला. तिचा दुसरा हात मी धरला.

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिला थांबवायला, सावरायला धरला असं मी पुढे मनाशी अनेकदा रचून पाहिलं. तसं नव्हतं. सगळे ओढत होते तिकडेच मीही ओढलं. ती गणवेशासकट पाण्यात गेली. एकच हशा उठला, आणि आमच्यातल्या एकाने फोटो काढला.

ती पाण्यातून स्वतःच बाहेर आली. रडली नाही, ओरडली नाही. केस पिळून मागे केले, बूट शोधले आणि माझ्याकडे न बघता आत गेली. त्यानंतर जहाजाचे सुरक्षारक्षक आले, अंबडच्या साहेबांनी माफी मागितली आणि उरलेला प्रवास आम्ही शाळेच्या सहलीसारखा मुकाट्याने केला. उतरताना ती काउंटरवर होती. प्रत्येकाला म्हणत होती तेच मलाही म्हणाली, "पुन्हा या."

नाशिकला परतल्यावर रोल धुऊन आले. फोटो एकाच्या दुकानातून दुसऱ्याच्या दुकानात फिरले, घरांत गेले. बायकांनी जाब विचारला. प्रत्येक घरात नवऱ्याने एकच उत्तर दिलं आणि ते कुणी ठरवून दिलं नव्हतं: "जहाजच तसलं. तिथे सगळे तसेच वागतात." माझ्याही बायकोला मी हेच सांगितलं. तिने फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आणि ही पोर?" मी म्हटलं, "तिथल्या लोकांना सवय असते." त्या फोटोत पुतणी गळ्यापर्यंत पाण्यात आहे, केस सुटलेले, आजूबाजूला बनियनवरचे पुरुष दात काढतायत. माझी फक्त पाठ दिसते. पाठीवरून मला कुणी ओळखलं नाही.

वर्ष गेलं असेल. पुतणी सुट्टीवर आली होती आणि तिला एक चांगलं स्थळ चालून आलं. मुलगा अंबडलाच इंजिनिअर, घर सटाण्याकडचं. मुलाने तिला पाहिलं, ती त्याला आवडली, तिलाही तो आवडला होता. दादाने तर मांडवाला फुलं स्वतःच्या शेतातली घालायची म्हणून शेवंतीचे दोन वाफे राखून ठेवले. मग आमच्या रिवाजाप्रमाणे मुलाचे वडील चौकशीला निघाले आणि माझ्या दुकानात आले.

"तुम्ही मुलीचे चुलते. तुमच्याकडे चौकशी करणं म्हणजे खरं तर चूकच," ते म्हणाले. "पण जहाज पाहिलेला माणूस दुसरा कुठे शोधू?"

"विचारा ना, साहेब."

"मुलगी कशी आहे?"

"मुलगी सोनं आहे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या गावातल्या पंपवाल्याकडे एक फोटो आहे. तुम्ही पाहिला असेल."

मला एवढंच सांगायचं होतं की आम्ही प्यायलो होतो, ती आम्हाला गप्प करायला आली होती आणि आम्ही तिला पाण्यात ओढलं. शपथ घेऊन सांगतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यापुढचा प्रश्न मला दिसत होता. आम्ही म्हणजे कोण? तुम्ही तिथे होतात, मग तुम्ही काय केलंत?

"साहेब, पोरीत खोट नाही," मी म्हटलं. "जहाजच तसलं आहे. तिथे राहणाऱ्याला इलाज नसतो."

त्यांनी उरलेला चहा संपवला. जाताना माझे आभार मानून गेले. घरचा माणूस असून खरं सांगितलंत, म्हणाले.

आठवडाभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. दादा संध्याकाळी दुकानात आला. हाताला अजून फुलांचा वास होता.

"पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती," तो म्हणाला.

"असतं दादा असं. दुसरं बघू."

"फोटोचं कळलंय मला. पोरीला इचारलं. ती म्हणती, मला पाण्यात ओढलं. कोणी ओढलं तर सांगत नाय. म्हणती, काका होते ना तिथं, त्यांना इचारा." तो माझ्या समोरच्या स्टुलावर बसला. "म्हणून आलो. तू सांगशील ते खरं."

दुसरा हात कुणाचा होता, ते तिने बापाला सांगितलं नव्हतं. ते सांगायची जागा तिने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. एवढी लाज राखली होती तिने माझी.

"दादा, मी तिकडच्या बाजूला होतो, नीट पाहिलं नाही," मी म्हणालो. "पण वातावरण बरं नाही तिथलं. पोरीला आता परत पाठवू नकोस."

दादा उठला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही वाफ्यांतली शेवंती तोडून बाजारात नेली.

त्याने तिला जायला मनाई केली. तरी ती जहाजावर परत गेली. त्यानंतर दादा तिच्याशी बोलला नाही. तिचा फोन आला की वहिनी घ्यायच्या आणि दादा पायात चपला सरकवून वावरात निघून जायचा. ती सुट्टीवर आली तर त्याचं जेवण आधी होऊन गेलेलं असायचं. फूलबाजारात कुणी विचारलं, पोर काय करते, तर म्हणायचा, "हाय कुठं तरी." भावकीत माझा मात्र मान वाढला, कारण पुतणीची बाजू न घेता मी खरं बोललो अशी बातमी पसरली होती. लग्न ठरवायच्या बैठकांना मला मुद्दाम बोलावू लागले.

पुढे काही वर्षांनी दादा अचानक गेला. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. पुतणी आली ती अंत्यविधी उरकल्यावर. दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, विधी झाले, मग सगळे घरी आले. अंगणात पुरुष बसले होते, त्यांत दोघे-तिघे जुने डीलर. ती चहाचा ट्रे ठेवून आत गेली तसा एकाने हळूच दुसऱ्याला विचारलं, "अजून त्याच जहाजावर का?" दुसऱ्याच्या तोंडावर ते जुनं हसू आलं.

"जहाज तसलं नव्हतं," मी म्हणालो. "आपण तसले होतो. तिला आपण ओढलं पाण्यात. एक हात माझा होता."

मग एकजण समजूत घातल्यासारखा म्हणाला, "भाऊसाहेब, दुःखात माणूस स्वतःवर घेतो. तुमचा भाऊच होता. पण जहाजाचं म्हणाल तर ते सगळ्या जगाला माहीत आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांनी खरं बोललो आणि ते माझ्या मोठेपणात जमा झालं.

पुतणी मागच्या दारी भांडी विसळत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. मुलाचे वडील, स्टुलावर बसलेला दादा, मी काय म्हणालो ते. तिने हात न थांबवता ऐकलं.

"मी पाण्यात कशी पडले ते मला सांगताय काका?" ती म्हणाली. "लग्नाचं काही नाही. ज्यांना हे माहीत असायला हवं होतं ते गेले. बाबा मरेपर्यंत समजत राहिले की मी तिथे काहीतरी करत होते." पुढचं भांडं उचलत म्हणाली, "आई आत आहे. तिलाही तसंच वाटतं. तिला सांगा."

मी आत गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, सोबत गावातल्या बायका. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून आम्हाला निदान कळलं तरी. नाहीतर पोरीने आम्हाला अंधारातच ठेवलं असतं."

बायका माझ्याकडे आदराने बघत होत्या. "दोन घास खाल्लेत का वहिनी?" मी विचारलं. त्या हो म्हणाल्या. मी बाहेर आलो. पुतणीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वहिनी थकल्यात, पण चष्मा लावून वाचतात, छापलेलं सगळं वाचतात. तोंडाने मला जमलं नाही, पुढेही जमेल असं वाटत नाही. म्हणून हे त्यांच्यासाठी लिहिलं आहे.